दाणा परत वाटीत जातो

गेल्या हिवाळ्यात माझी नात बारावीला होती आणि तिच्यासोबत मीही जीवशास्त्राला बसले असं म्हणा. तिच्या सरांनी वर्गात सांगितलं होतं, धडा आपल्याला आला की नाही हे पाहायचं असेल तर घरातल्या अशा माणसाला सांगून बघा ज्याला त्यातलं काहीच येत नाही, आणि त्याला 'काऊन', म्हणजे 'का', विचारू द्या. आता असा माणूस शोधायला आमच्याकडे लांब जायची गरज नव्हती. तिचा बाप ऐकता ऐकता झोपतो. आईचे हात कामात, कान अर्धेच. मोठा भाऊ, म्हणजे माझा नातू, दुसऱ्या वाक्याला 'समजलं, समजलं' म्हणून उठून जातो. राहिले मी. चौथीपर्यंत शाळा, आणि पुढचं जे वाचता आलं ते पुड्याच्या कागदांवर आणि पोरांच्या जुन्या पुस्तकांत. 'काऊन' विचारायची मला सवय पहिल्यापासूनचीच. आमचे मालक होते तेव्हा म्हणायचे, "हिले यम न्याले आला तरी वाटेत विचारन, काऊन नेऊन राहिले म्हणून."

तर दुपारचं जेवण झालं की आम्ही दोघी सपरीत, म्हणजे पडवीत, उन्हाला बसायचो. माझ्यापुढे पोपटाच्या शेंगांचं टोपलं. पोपट म्हणजे आमच्याकडे धानाच्या बांधावर येणारा वालासारखा शेंगवेल. थंडीत त्याच्या दाण्यांची भाजी झाली नाही असं घर सापडायचं नाही. तिच्यापुढे ते जाडजूड पुस्तक, सगळं इंग्रजीत. तिनं एक ओळ इंग्रजीत वाचायची, मग डोळे मिटून ती आपल्या बोलीत सांगायची. जिथं सांगता यायचं नाही तिथं तिला कळायचं की आपल्याला समजलेलंच नाही.

"आजी, हृदयात झडपा असतात. रक्त पुढं जाते, मांगं येत नाही."

"काऊन येत नाही?"

"झडप लागून जाते."

"तलावाच्या तुडुमासारखी?"

तुडूम म्हणजे तलावाच्या पाळीत बसवलेलं पाणी सोडायचं तोंड. माझ्या माहेरच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या तळी बांधली, त्यामुळे मला कुठंही पाणी वाहताना दिसलं की आधी तुडूमच आठवतो.

"तुडूम माणूस उघडते, आजी. हे आपोआप उघडते."

"मंग बरं आहे. पाणी सोडणाऱ्याच्या हातापाया पडा लागत नाही."

अशी आमची उजळणी चालायची. मूत्रपिंडाचं सांगताना ती म्हणाली, की ते आधी सगळंच गाळून टाकतं आणि मग कामाचं तेवढं परत ओढून घेतं. मी म्हटलं, तुझी आई दिवाळीच्या आधी असंच करते, सगळी भांडी अंगणात काढते आणि संध्याकाळी त्यातली अर्धी परत आत नेते. सून आतून म्हणाली, "माहं नाव कायले घेऊन राहिल्या जीवशास्त्रात?" हसायचो. पण मला खरंच आवडायचं ते. या वयात आपल्या आत काय काय चाललं आहे हे ऐकताना वाटायचं, एवढ्या वर्षांत या घरात राहिलो आणि घर कधी पाहिलंच नाही.

त्याच दिवसांत घरात दुसरीही तयारी चालली होती. नातवाचं लग्न जमत होतं. मुलगी माझ्या माहेरची, माझ्या धाकट्या भावाची नात. चोरखमारा तलावाच्या पाण्यावर ज्या गावांचं धान पिकतं त्यातलंच एक माझं माहेर. आमच्यात बाईच्या मनात एक असतं, की आपल्या माहेरची एक तरी मुलगी आपल्या घरात सून होऊन यावी. घरचं रक्त घरी येतं, म्हणतात. माझ्या मुलाच्या वेळी ते जमलं नाही, कारण भावाला मुलगीच नव्हती. म्हणून ती इच्छा मी एक पिढी पुढं ढकलून ठेवली होती. आणि आता तर जोडाही छान जमला होता. नातवाचं तिरोड्यात मोटारपंप दुरुस्तीचं दुकान, हात तेलानं कायम काळे. पोरगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, धीट, कोणाला न घाबरणारी. रोज फोनवर बोलायची ती दोघं. एरवी दुकानातून गल्लीला ऐकू जाईल असा बोलणारा पोरगा, पण तिचा फोन आला की त्याचा आवाज पार खाली जायचा. संक्रांत झाली की साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, करायचं असं ठरलं होतं.

अशात आनुवंशिकतेचा धडा आला.

आधी मजाच होती. कोणा परदेशी साधूनं मठाच्या आवारात वाटाणे लावले आणि उंच किती, बुटके किती ते पाहत बसला, हे ऐकून मी म्हटलं, त्याच्या घरी भाजीला कोणी बोलावत नसेल. मग आई-बापाकडून एकेक गुण कसा येतो, एक झाकला जातो आणि एक दिसतो, हे तिनं सांगितलं. मग ती सिकलसेलवर आली.

हा शब्द आमच्याकडे नवा नाही. दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेला असतो, शाळेत येऊन पोरांचं रक्त तपासतात. माझा नातू शाळेत असताना त्याचंही तपासलं होतं. तपासणीवाल्या बाईनं घरी येऊन सांगितलं की तो वाहक आहे, आजारी नाही. नातीत तर काहीच निघालं नाही. त्या बाईनं पुढंही काही सांगितलं असेल. पण 'आजारी नाही' एवढं ऐकलं आणि आम्ही तिला चहा पाजून पाठवलं. आमच्या समजुतीप्रमाणे वाहक म्हणजे अर्धा आजार, वय वाढलं की जाणारा.

नात सांगत होती, "रक्तातली लाल पेशी गोल असते. यात ते विळ्यासारखी वाकडी होते. मंग बारीक नळीत अटकते, पुढं रक्त जात नाही. हाडं दुखतात. डोळे पिवळे होतात. थंडीत जास्तच."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मी विचारलं, "लहानपणी हातापायाची बोटं सुजतात का?"

तिनं पुस्तकात पाहिलं, पान उलटलं, मग माझ्याकडे पाहिलं. "हो. तुले कसं माहीत?"

मला दोन भाऊ होते. एक हा आताचा, आणि एक आम्हा दोघांच्या मधला. मधला भाऊ पिवळ्या डोळ्यांचा. थंडी पडली की त्याचे पाय दुखायचे, असे की माय तव्यावर वाळू तापवून, फडक्यात बांधून रात्रंदिवस शेकत राहायची. आम्ही सगळी पोरं तलावात उड्या मारायचो आणि तो पाळीवर आमचे कपडे सांभाळत बसायचा. एकदा आम्हीच त्याला चिडवलं, बायकांसारखा बसतोस म्हणून, तेव्हा तो उतरला पाण्यात. घरी आला तो अंथरुणालाच लागला. वात आहे म्हणायचे. मग नजर म्हणाले, मग वैद्याचा काढा झाला. मिसरूड फुटायच्या आधी तो गेला. आमच्या घरात त्याचं नाव पुन्हा फारसं निघालं नाही, कारण निघालं की माय उठून गोठ्यात जायची.

हे मी नातीला सांगितलं. ती बराच वेळ पेन्सिलीनं पुस्तकाच्या कडेला काहीतरी मांडत होती. मग हळू म्हणाली, "म्हणजे तुहे मायबाप दोघंही वाहक असतील, आजी. तुह्यात असन. मंग बाबात, मंग दादात." पुढचं मीच म्हटलं, "आन् माह्या भावात असलं, तर त्याच्या नातीत."

"असनच असं नाही," ती म्हणाली. "पण कोणी तपासलं आहे का तिले?"

कोणी नव्हतं तपासलं. तपासणीचं शिबिर झालं तेव्हा ती कोणाच्या तरी लग्नाला गेली होती, असं नंतर कळलं.

आता मी स्वभावानं घासाघीस करणारी बाई. बाजारात भाजीवाल्याशी करते तशीच मी त्या धड्याशीही केली. म्हटलं, तुझं पुस्तक म्हणतं, आई-बाप दोघंही वाहक असले तर चारातलं एक लेकरू आजारी निघते. मग दोनच होऊ द्यायची. चौथ्यापर्यंत जायचंच कशाला?

नात हसली नाही. आत जाऊन दोन वाट्या घेऊन आली. टोपल्यातले चार सोललेले दाणे उचलले, त्यातले दोन चुलीतल्या कोळशावर घासून काळे केले. प्रत्येक वाटीत एक पांढरा, एक काळा. "हे आई, हे बाप. दोघंही वाहक. डोळे मीट आन् एकेक दाणा काढ."

मी काढले. डोळे उघडून पाहते तर दोन्ही काळे.

"पहिल्यालाच?" मी म्हटलं.

"पहिल्यालाच होऊ शकते. परत टाक आता." मी दाणे परत टाकले. "पुन्हा काढ." या वेळी एक काळा, एक पांढरा. "परत टाक. हेच आहे, आजी. दाणा परत वाटीत जातो. दर लेकराच्या वेळी वाटी तशीच्या तशी भरलेली. मांगं काय निघालं ते वाटीले माहीत नसते."

मी कितीतरी वेळा काढले ते दाणे. तिनं मला काढू दिलं. कधी सगळं पांढरं यायचं, कधी काळं पाठोपाठ. माझी बोटं काळी झाली. ती म्हणाली, एका वाटीत दोन्ही पांढरे असते तर कितीही वेळा काढ, दोन काळे निघूच शकत नाहीत. म्हणून फक्त तिचं तपासायचं. एवढंच.

एवढंच! पण ते घरात म्हणायचं कोणी?

संध्याकाळी मीच म्हटलं. मुलगा जेवत होता. म्हणाला, "लग्न करून राहिलो का रक्तदान शिबिर?" मग त्याला कळलं मी थट्टा करत नाही, तेव्हा तो लेकीवर घसरला, "तुले पेपर लिहाचा आहे ना, तेवढा लिही. घरात कायले आणते?" सून म्हणाली, मुलीच्या रक्ताची चौकशी करणं म्हणजे तिच्यात खोट आहे म्हणण्यासारखं आहे, तुमच्याच भावाला वाईट वाटेल. ते खरंच होतं. नातू ताटात बोट फिरवत होता. म्हणाला, "मी विचारू का तिले?" बापानं एकदा बघितलं, त्यानं मान पुन्हा ताटात घातली. मी म्हटलं, माझं माहेर आहे, मी जाते.

भाऊ सपरीत खाटेवर पाय वर घेऊन बसला होता. मला पाहून आनंदला. "ये बाई. साक्षगंधाचं पक्कं कराले आली का?"

पाणी प्याले, इकडचं तिकडचं झालं. मग मी सरळच म्हटलं, की आमचा पोरगा सिकलसेलचा वाहक आहे, तुझ्या नातीचंही एकदा तपासून घेऊ. तो आधी हसला.

"कायले?"

"दोघांतही असलं तर लेकराले त्रास होते."

"तुमच्या पोरात आहे, आन् रक्त आमच्या पोरीचं काढा?" त्यानं पाय खाली सोडले. "बाई, तुमचं कूळ वेगळं, आमचं वेगळं. कूळ पाहूनच तर सोयरीक करून राहिलो. रक्त कसं एक होईन?"

"मी कोणत्या कुळातून गेली?"

"तू गेली. लग्न झालं, तुहं कूळ बदललं."

"कूळ बदललं, भाऊ. रक्त कोणी बदललं माहं?"

आमच्यात सोयरीक जुळवताना कूळ पाहतात. कूळ एक निघालं तर लग्न नाही, वेगळं निघालं की सगळं ठीक, भीती संपली. आयुष्यभर मीही हेच धरून चालले. पण कूळ बापाकडून येतं, बाईच्या मागं येत नाही. रक्त मात्र येतं. मी या घरातून गेले तेव्हा कूळ उंबऱ्यावर ठेवून गेले आणि रक्त घेऊन गेले, हे त्या दिवशी बोलता बोलता मलाच पहिल्यांदा नीट दिसलं.

"म्हणजे आमच्याच घरचं खराब आहे म्हण ना," तो म्हणाला.

"खराब नाही म्हणत. आपला मधला भाऊ आठव."

"त्याले वात होता."

"डोळे पिवळे होते त्याचे."

"वात होता म्हटलं ना, बाई." आणि त्यानं तोंड फिरवलं. माझ्याएवढाच म्हातारा दिसला तो त्या वेळी. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "तपासलं, आन् निघालं, तर? गावात कोणाकोणाचं तोंड धरशीन?"

तेवढ्यात पोरगी चहा घेऊन बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "आजोबा, मी देते रक्त."

"तू अंदर जा."

"माह्यावरच बोलून राहिले ना तुम्ही? मंग मी अंदर कायले जाऊ?"

तालुक्याच्या दवाखान्यात तिच्या बोटातून थेंबभर रक्त घेतलं. त्यात खूण दिसली म्हणून पक्कं करायला गोंदियाला जावं लागलं. आम्ही चौघं गेलो, ती, नातू, माझी नात आणि मी. बसमध्ये माझी नात तिला सगळं समजावत होती, वाट्या आणि दाण्यांसकट. मी खिडकीबाहेर पाहत होते. मनातल्या मनात देवाला म्हणत होते, हिच्या वाटीत दोन्ही पांढरे असू दे.

नंतर निकालासाठी बोलावलं तेव्हा दवाखान्याच्या खिडकीतला माणूस म्हणाला, "माताजी, घबराने की बात नहीं. कैरियर है, बीमार नहीं है." तो चांगल्या मनानं म्हणाला. त्याला काय माहीत, की 'वाहक आहे, आजारी नाही' हे वाक्य आमच्या घरात आधी एकदा येऊन गेलं होतं, आणि आम्ही त्याला चहा पाजून पाठवलं होतं.

डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवलं. लग्न करू नका असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, मूल पोटात असताना तपासता येतं, नागपूरला जावं लागेल, आणि काही निघालं तर तुम्हाला ठरवावं लागेल. 'ठरवावं लागेल' म्हणताना त्यांचा आवाज कमी झाला. आता इलाज पूर्वीपेक्षा चांगले आहेत, औषधं मिळतात, पण दुखणं दुखणंच असतं, हेही म्हणाल्या. मला तापलेल्या वाळूचा वास आला. तिथं, त्या फिनेलच्या वासात.

बाहेर येऊन आम्ही एका टपरीपाशी उभे राहिलो. नातू म्हणाला, "करू आपण. दर वेळी तपासत जाऊ." त्याचे डोळे भरलेले होते. ती त्याच्याकडे पाहून म्हणाली, "आन् निघालं तर?" त्यानं खोटं उत्तर दिलं नाही, एवढं त्याचं मी चांगलं मानते.

परत येताना ती माझ्या शेजारी बसली. तिनं माझा हात धरला होता, आणि मला वाटलं धीर मी द्यायचा, तर हात तिचाच घट्ट. म्हणाली, "मी हो म्हटलं तर काय होईन सांगू, आजी? मले दिवस गेले की तुम्ही सगळे माह्या पोटाकडे पाहात बसाल. काळा का पांढरा. आईसुद्धा, तुम्हीसुद्धा. मले नाही जमणार ते." आणि खरंच, मी पाहिलंच असतं.

तर ते लग्न मोडलं. मोडलं म्हणजे तिनं मोडलं, तिच्या तोंडानं. पण गावागावांत ते तसं गेलं नाही. पाहुण्यांनी विचारलं, ठरलेलं कसं मोडलं, तेव्हा सून म्हणाली, पोरीच्या रक्तात निघालं. खोटं नव्हतं. अर्धं होतं फक्त. लोकांना अर्धंच सोयीचं पडतं. महिन्याभरात तिच्यासाठी येणारं एक स्थळ बसथांब्यावरूनच परत फिरलं, कोणीतरी तिथं त्यांना काही सांगितलं म्हणून. इकडे आमच्या नातवासाठी मात्र निरोपावर निरोप. त्याच्याही रक्तात तेच, तेवढंच, पण त्याबद्दल कोणाच्या तोंडून शब्द नाही. तो मुलगा, दुकानवाला.

भावाचा एकदाच फोन आला. "झालं समाधान, बाई?" एवढं म्हणून त्यानं ठेवला.

नातीनं सपरीत बसणं सोडलं. आत भिंतीकडे तोंड करून मनात वाचायची. मी एकदा जवळ जाऊन बसले. म्हणाली, "आजी, मी तो धडा सोडून दिला असता तर? पेपरात बाकीच्यावर मार्क भेटले असते."

"तू सोडला असता तर तो आपल्याले सोडून गेला असता का?" मी म्हटलं. पण तिचं समाधान झालं नाही, माझंही झालं नव्हतं. धडा सांगितला तिनं, निरोप नेला मी, आणि भोगत होती ती तिसरीच. पेपर तिनं दिला. कसा गेला विचारलं तर ठीक म्हणाली, आणि पुढं काय शिकणार विचारलं तर आता बघू म्हणाली. आधी ती डॉक्टर सोडून दुसरा शब्द बोलायची नाही.

लाखोरीच्या डाळीचं पीक निघालं त्या सुमारास एक स्थळ आमच्याकडे पाहायला आलं. मुलीचा बाप, आई, आणि एक काका. मुलानं मला आधीच बजावलं होतं, "आई, तू आज काही बोलू नको. जमलं तर नंतर सांगू."

"नंतर म्हणजे कधी? हळद लागल्यावर?"

"नंतर म्हणजे नंतर."

पाहुणे बसले. पोहे झाले, चहा आला. धान किती, पाणी कुठलं, दुकानाचं कसं, सगळं विचारून झालं. काका म्हणाले, पोरगा तब्येतीनं चांगला दिसते. माझा मुलगा हसून हो म्हणणार, तेवढ्यात मी म्हटलं, "तब्येत चांगलीच आहे. पंप खांद्यावर घेऊन दुसऱ्या माळ्यावर चढते. पण तो सिकलसेलचा वाहक आहे. तुमच्या पोरीचं तपासलं आहे का?"

सुनेनं हातातली ताटली खाली ठेवली.

मुलीचा बाप म्हणाला, "म्हणजे पोरगा बीमार आहे?"

"बीमार नाही. तिच्यात नसलं तर काहीच भीती नाही, बिनधास्त द्या. तिच्यात असलं तर इथं नका देऊ." मग मला थांबता येईना. "माह्या भावाच्या नातीसंगं याचं ठरलं होतं ते याच कारणानं मोडलं. तिच्यात जे निघालं तेच याच्यात आहे, तसूभर कमी नाही. लोकं तिचंच सांगत फिरतात. म्हणून मी याचं सांगते."

नातू दारात उभा होता. मला वाटलं निघून जाईल. तो उभाच राहिला, आणि काकांनी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा म्हणाला, "आजी खरं सांगून राहिली."

पुढं फार काही झालं नाही. पाहुण्यांनी उरलेला चहा पिऊन टाकला. कळवतो म्हणाले. कळवणार नाहीत हे आम्हाला दिसत होतं आणि आम्हाला दिसतं आहे हे त्यांनाही. पुरुष उठून गाडीकडे गेले, माझा मुलगा त्यांना पोचवायला मागोमाग. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही.

मुलीची आई मागं राहिली. दारात वाकून चपला घालत होती, त्यात फार वेळ लावत होती. मी जवळ गेले तशी, मान वर न करता, हळूच म्हणाली, "ते कुठं तपासतात, मावशी?"

"तालुक्याच्या दवाखान्यात. पैसे घेत नाहीत."

"मोठीचं नाही म्हणत मी. लहानी आहे एक माही. थंडीत पाय दुखतात म्हणून रडते. तिचे बाबा म्हणतात, शाळा टाळाले नाटक करते."

"डोळे?"

तिनं होय अशी मान हलवली फक्त.

"घेऊन जा तिले. उद्याच जा. आन् पाणी पाजत राहा भरपूर, गार पाण्यात उतरू देऊ नका."

गाडीतून नवऱ्यानं हाक मारली. ती पदर सावरून गेली, मागं वळून पाहिलं नाही. मुलगा परत आला तेव्हा मी दारातच होते. माझ्याशी बोलायचं नाही असं त्यानं ठरवलं असावं, पण राहवलं नाही.

"काय म्हणत होती ते?"

"काही नाही," मी म्हटलं. "चप्पल भेटत नव्हती तिले."